निळू फुले : सावध करून गेलेला नट



सिनेमातल्या एखाद्या दिवंगत कलावंतावर बोला, असं या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी सुचवलं तेव्हा मी लगेच निळू फुले यांचं नाव घेतलं. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात कर्करोगानं ते गेले. त्या दिवशी पारावर, एसटीत, चहाच्या टपरीवर लोकांच्या तोंडी एकच वाक्य होतं : निळूभाऊ गेले. ज्यांनी त्यांना आयुष्यात कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, तीही माणसं त्यांना भाऊ म्हणत होती.

आता मला सांगा, हे प्रेम आलं कुठून? या माणसानं चाळीस वर्षं पडद्यावर गरिबांच्या जमिनी लाटल्या, बायाबापड्यांवर वाईट नजर टाकली, गावात भांडणं लावली. त्याच्यासाठी महाराष्ट्राच्या डोळ्यांत पाणी का आलं? नायकावर जीव लावणं सोपं असतं, तो आपल्या वतीनं लढतो आणि जिंकतो. खलनायकाला लोकांनी घरचा माणूस मानावं, असं निळूभाऊंनी काय केलं?

आजच्या व्याख्यानाचा प्रश्न एवढाच आहे. तो मी चार मुद्द्यांत मांडतो. निळूभाऊ कोणत्या तालमीत घडले, हा पहिला. पडद्यावर त्यांनी आपल्याला नेमकं काय दाखवलं, हा दुसरा. मिळालेल्या नावाचं त्यांनी काय केलं, हा तिसरा. आणि यवतमाळ जिल्ह्यात बसून त्यांना आठवायचं म्हणजे आपण काय करायचं, हा चौथा. आजचं सगळं बोलणं या चौथ्या मुद्द्यासाठी आहे.

पहिला मुद्दा. निळकंठ कृष्णाजी फुले हे पुण्यातल्या गरीब घरातले. तरुणपणी ते तिथल्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. पगार महिना ८० रुपये. त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. मंडळी, पगाराचा आठवा हिस्सा! पोट भरून उरलं म्हणून दिलेला हा पैसा नव्हता. ज्याचं स्वतःचंच जेमतेम भागतं अशा तरुणाला समाजाचं देणं आधी वेगळं काढून ठेवावंसं वाटत होतं. पुढचे सगळे निळूभाऊ या १० रुपयांत आहेत.

सेवा दलाचं कलापथक ही त्यांची नाट्यशाळा. या कलापथकांनी महाराष्ट्राला किती माणसं दिली! दादा कोंडके तिथले, राम नगरकर तिथले. शिक्षण कसलं होतं? गावात उतरायचं, देवळापुढं किंवा शाळेच्या ओट्यावर बत्ती टांगायची आणि उभं राहायचं. पडदा नाही, विंग नाही. समोर हातभर अंतरावर दिवसभर राबून आलेला माणूस मांडी घालून बसलेला. त्याला खोटं चालत नाही. तलाठी त्यानं पाहिलेला असतो, पाटील पाहिलेला असतो, सावकाराच्या ओसरीवर तो स्वतः उकिडवा बसून आलेला असतो. तुम्ही उभा केलेला पाटील त्याला पटला नाही, तर तो उठून घरी जातो. निळूभाऊंची पहिली परीक्षा या माणसांनी घेतली. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यानं त्यांचं नाव झालं आणि १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तला झेले अण्णा घेऊन ते पडद्यावर आले. तेव्हा हा नट नवखा नव्हता. हजारो प्रेक्षकांनी त्याला आधीच तावून सुलाखून घेतलं होतं.

दुसरा मुद्दा. त्यांनी आपल्याला काय दाखवलं?

आपल्याकडच्या जत्रा आठवा. वणीची रंगनाथस्वामींची, केळापूरच्या जगदंबेची. बैलबाजार, रहाटपाळणे, मिठाईची दुकानं आणि कडेला सिनेमाचा तंबू. आत एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये. सिनेमा सुरू होतो आणि निळू फुले पडद्यावर येतात. अजून त्यांनी काही केलेलं नसतं. टोपी सारखी केली, डोळे बारीक केले, ओठाच्या कोपऱ्यातून हसले, एवढंच. पण बायांच्या बाजूनं कुजबुज उठते, "आला मुडदा!" कोणी बोटं मोडतं, कोणी लेकीला जवळ ओढतं. मी हे माझ्या लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय, आणि या सभागृहातल्या पांढऱ्या केसांच्या माणसांनीही पाहिलं असणार. ती त्यांना मिळालेली सगळ्यात खरी दाद होती.

त्या बाया घाबरत कशाला होत्या? निळूभाऊ काही अंगापिंडानं राक्षसी नव्हते. सडपातळ बांधा, सावळा रंग, घोगरा आवाज. त्यांचा खलनायक ओरडत नाही, हातात सुरा घेऊन धावत नाही. तो गोड बोलतो. घरी बोलावतो, चहा पाजतो, पोराबाळांची विचारपूस करतो. त्याला घाई नसते, कारण तालुका त्याच्या खिशात असतो. बायांनी ओळखलेली गोष्ट ही होती : गावात दहशत घालणारा माणूस असाच दिसतो. आपल्यासारखाच दिसतो. सिनेमानं तोवर आपल्याला शिकवलं होतं की दुष्ट माणूस दिसताक्षणी ओळखू येतो. निळूभाऊंनी सांगितलं, बाबांनो, तो सहजी ओळखू येत नाही, सावध राहा.

याचा कळस म्हणजे 'सामना'. विजय तेंडुलकरांचं लेखन, रामदास फुटाणे यांची निर्मिती, डॉ. जब्बार पटेल यांचं पहिलं चित्रपट-दिग्दर्शन. १९७५ साली हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. हिंदुराव धोंडे पाटील निळूभाऊ, आणि गावात येऊन पडलेला दारुडा मास्तर डॉ. श्रीराम लागू. तुम्ही पाहिला असेल तर पुन्हा पाहा, आणि या वेळी हिंदुरावाच्या पाहुणचाराकडं लक्ष द्या. हा अनोळखी माणूस कोणाचा हेर तर नाही ना, अशी शंका येताच हिंदुराव त्याला वाड्यावर आणतो. नवे कपडे देतो, जेवू घालतो, हवी तेवढी दारू पाजतो. मास्तरवर त्याचा हळूहळू जीवही जडतो, आणि तो जिव्हाळा खोटा नाही. इथं हा नट थोर ठरतो. हिंदुराव साखर कारखाना दाखवतो, माळरानाचं सोनं कसं केलं ते दाखवतो. त्याचा अभिमान खरा आहे. आपण या भागाचं भलं केलं, असं त्याला मनापासून वाटतं.

आणि मग मास्तरच्या कानावर एक नाव पडतं. मारुती कांबळे. कोणी सांगत नाही तो कोण, कुठं गेला. मास्तर विचारत सुटतो. वाड्यावर विचारतो, रस्त्यावर विचारतो. शुद्धीत विचारतो, बेशुद्धीत विचारतो. एवढा कारखाना, एवढी समृद्धी, एवढी सत्ता, आणि ती सगळी एका माणसाच्या नावानं हादरते. त्या क्षणी निळूभाऊंचा चेहरा पाहा. आरडाओरडा नाही. डोळ्यांत एक हिशेब चालू झालेला दिसतो. इतक्या मोठ्या विकासापुढं एका मारुती कांबळेची काय पत्रास, हे हिंदुरावाचं तत्त्वज्ञान आहे. या तत्त्वज्ञानाला निळूभाऊंनी चेहरा दिला, आवाज दिला. राज्यशास्त्राची जाड पुस्तकं वाचून जे कळायला वेळ लागतो, ते तंबूतल्या माणसाला दोन तासांत कळलं.

पण हाच माणूस चार वर्षांनी पलीकडच्या बाजूला उभा राहिला, हेही सांगितलं पाहिजे. १९७९ चा 'सिंहासन'. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर बेतलेला, दिग्दर्शक पुन्हा जब्बार पटेल. त्यात निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस झाले. सत्तेचा सगळा खेळ हा माणूस जवळून पाहतो, त्याला सगळं कळतं, आणि शेवटी ते कळणंच त्याला झेपत नाही. तो वेड्यासारखा हसत सुटतो. हिंदुराव आणि दिगू एकाच नटानं करावेत, याला मी योगायोग मानत नाही. सत्ता माणसाचं काय करते, हे ज्याला आतून कळलं होतं, त्यालाच सत्तेपुढं हतबल झालेला माणूस इतका खरा करता आला. त्याच्याही आधी, १९७२ साली, तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मधला सखाराम त्यांनी रंगभूमीवर उभा केला होता. सेन्सॉरनं ते नाटक अडवलं, दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले आणि जिंकले. सखाराम उद्धट आहे, हिंसक आहे, आणि तरी निळूभाऊंनी त्याचं माणूसपण सोडलं नाही. पात्राचा धिक्कार करणं त्यांनी प्रेक्षकावर सोपवलं आणि स्वतः त्या पात्राला समजून घेतलं.

इथं एक तक्रार नोंदवतो. एवढं करून ठेवलेल्या नटाचं आपण काय केलं? गॅदरिंगमध्ये, टीव्हीवर, आता मोबाइलवर, नकलाकारांनी त्यांना बाईला वाड्यावर बोलावणाऱ्या एका वाक्यात कोंबलं. पोरं ते वाक्य म्हणतात, हसतात, पुढं जातात. ज्या गोष्टीनं जत्रेतल्या बायांच्या अंगावर काटा यायचा, ती आज टाळीचं निमित्त झाली. मित्रांनो, हे मला मनापासून लागतं. बाईच्या अब्रूवर टपलेल्या सत्तेची भीती निळूभाऊंनी जिवंत केली, ती आपण हसण्यावारी घालवावी? नक्कल करणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. त्यांना 'सामना' कोणी दाखवलाच नाही, हा दोष आपल्या पिढीचा.

तिसरा मुद्दा. मिळालेल्या नावाचं त्यांनी काय केलं?

नाव झालं, हिंदीतही कामं आली. १९८४ च्या 'सारांश'मधला गजानन चित्रे हा पुढारी आठवा, वृद्ध जोडप्याला छळणारा. पैसा आला, ओळखी आल्या. पण ते १० रुपये काढून ठेवणारा माळी काही त्यांच्यातून गेला नाही. आयुष्य चळवळीला वाहिलेल्या, घरदार वाऱ्यावर सोडलेल्या कार्यकर्त्यांच्या पाठीशी समाजानं उभं राहावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू अशी माणसं त्यामागं होती. निधी जमवण्यासाठी नामवंत कलावंतांनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले. लागू होते, निळूभाऊ होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही ते दाभोलकरांबरोबर उभे राहिले. लोकप्रिय नटाला हे परवडत नाही. देवाधर्माबद्दल स्पष्ट बोललं की प्रेक्षक तुटतो, असं निर्माते सांगतात. निळूभाऊंचा प्रेक्षक तुटला नाही. का तुटला नाही? कारण त्यांचं बोलणं आणि वागणं यांत फट नव्हती, आणि खेड्यातल्या माणसाला ती फट फार लवकर दिसते.

पडद्यावर शोषण करणारा माणूस आयुष्यभर शोषितांच्या बाजूला उभा राहिला, असं आपण कौतुकानं म्हणतो. त्यात नवल वाटायचं कारण नाही. शोषणाचा राग इतका पक्का होता, म्हणूनच शोषकाचे बारकावे इतके पक्के टिपले गेले. चळवळीनं त्यांना नजर दिली आणि अभिनयानं ती नजर लोकांपर्यंत पोचवली. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडतं. पडद्यावरचा हा माणूस आपल्याला लुबाडत नाही, लुबाडणाऱ्याला उघडा पाडतो आहे, हे लोकांना कळलं होतं. म्हणून ते भाऊ झाले.

आता चौथा मुद्दा. आपला जिल्हा.

कोणी म्हणेल, निळूभाऊ पुण्याचे, त्यांचा पाटील पश्चिम महाराष्ट्रातला, साखर कारखान्याचा. पुसद-उमरखेडकडचा ऊस सोडला तर आपण कापसाचे लोक. आपला त्यांचा संबंध काय? संबंध असा की मारुती कांबळे सगळीकडं असतो. आणि या जिल्ह्यात त्याची यादी फार लांब आहे.

महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण. १९ मार्च १९८६ रोजी साहेबराव करपे या शेतकऱ्यानं पत्नी आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. नापिकी, कर्ज आणि विजेचं बिल यांनी गांजलेला, भजनात रमणारा, गावचं सरपंचपद सांभाळलेला हा माणूस. आता दर १९ मार्चला महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोक त्यांच्या नावानं अन्नत्याग करतात. त्यानंतर किती गेले? आकडे सरकारकडं आहेत. जिल्ह्याची समिती बसते, प्रकरण पात्र ठरलं तर घराला १ लाख रुपये मिळतात, अपात्र ठरलं तर फाइल बंद होते. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. देशभरातले पत्रकार यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात येऊन गेले. मी आज विचारतो : त्यांतल्या एकाचं तरी नाव या सभागृहात कोणाला सांगता येईल?

शांतता झाली. ही शांतता हिंदुरावाला हवी असते. त्याची सत्ता पोलिसांवर चालत नाही, कारखान्यावर चालत नाही. आपल्या विसरण्यावर चालते.

निळूभाऊ गेले त्या २००९ सालीच दोन सिनेमे आले, ते आपल्या दुःखाबद्दल होते. 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' हा शेतकऱ्याच्या प्रश्नावरचा सिनेमा निळूभाऊंच्या शेवटच्या कामांपैकी. दुसरा, सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस', आपल्या विदर्भातल्या कापसाच्या शिवारातला. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यापासून अलका आपल्या नवऱ्याला, किस्नाला, एकटं सोडत नाही. पोराला त्याच्या मागं पाठवते, घरात पुरणपोळी करते, त्याचा चेहरा वाचत राहते. या सिनेमात हिंदुराव दिसत नाही. वाडा नाही, टोपी नाही, गोड बोलणारा पाटील नाही. आहेत ते बियाण्याचा भाव, पावसाची ओढ आणि कर्ज. निळूभाऊंच्या वेळी गावाला निदान कळत होतं की बोट कोणाकडं दाखवायचं. आजचा हिंदुराव कागदांत, करारांत, भावफलकात राहतो. त्याला ओळखायला आपल्याला अधिक तीक्ष्ण नजर लागेल, आणि ती नजर तयार करायची तर अभ्यास 'सामना'पासून सुरू करावा लागेल.

थोडं विषयांतर करतो. 'सामना'नंतर चाळीस वर्षांनी आणखी एक कांबळे मराठी पडद्यावर आला. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मधला लोकशाहीर नारायण कांबळे. गाण्यातून आत्महत्येला चिथावणी दिली, या आरोपाखाली त्याला कोर्टात खेटे घालावे लागतात. ही भूमिका केली आपल्या नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. ते 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक, आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते. सिनेमा व्हेनिसला गाजला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं वीराभाऊंना नेलं. त्या दिवसांत चार माणसांना जमून अश्रू ढाळायचीही सोय नव्हती. माळीकाम करणारा सेवा दलाचा पोरगा आणि नागपूरचा विद्रोही संपादक, दोघेही चळवळीतून पडद्यावर आले आणि पडद्यावर जाऊनही चळवळीत राहिले. एकानं मारुती कांबळेला गिळणारा हिंदुराव दाखवला, दुसऱ्यानं जिवंतपणी छळला जाणारा कांबळे दाखवला. विदर्भानं या दोघांची आठवण एकत्र ठेवली पाहिजे.

यवतमाळ शहरानं आठवण ठेवायची एक चांगली रीत घालूनही दिली आहे. जानेवारी २०१९ मध्ये इथं ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटक कोण, यावरून आधी मोठं वादळ झालं. अखेर उद्घाटन झालं ते आपल्याच जिल्ह्यातल्या, शेतकरी नवऱ्याला गमावलेल्या एका बाईच्या हातून. ज्यांच्या नावानं आपण भाषणं करतो, त्यांच्यातलं एक माणूस माइकपुढं उभं राहिलं आणि सभामंडपानं ऐकलं. अशी जागा वर्षातून एकदा नव्हे, दर महिन्याला मिळायला हवी.

मंडळी, समारोप करतो. नट गेला की आपण फोटोला हार घालतो, दोन दिवस त्याचे प्रसंग मोबाइलवर फिरवतो आणि विसरतो. निळूभाऊंच्या बाबतीत एवढ्यानं भागणार नाही. हिंदुरावानं ज्यांना चिरडलं, त्यांची नावं आपल्याला पाठ असली, तरच निळूभाऊ आपल्या लक्षात राहिले असं म्हणता येईल.

म्हणून या जिल्ह्यातल्या ग्रंथालयांना, महाविद्यालयांना, गणेश मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या १३ जुलैला प्रत्येक तालुक्यात एका तरी गावात 'सामना' दाखवा. पेरणीचे दिवस असतील, तर रात्री दाखवा. पुढच्या ओळीत शेतमजूर बाया आणि सालकरी बसू द्या, पुढाऱ्यांना मागं बसवा. सिनेमा संपला की दिवे लावा आणि भाषण करू नका. गावकऱ्यांना एवढंच विचारा की आपल्या गावातला मारुती कांबळे कोण होता. जे नाव पुढं येईल, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. दुसऱ्या दिवशी ते कोणी पुसणार नाही, याची जबाबदारी मात्र तुमची.